घर रिकामं ठेवायचं नाही

शनिवारची सकाळ होती आणि पद्माबाई रणदिवे तव्यावर थालीपीठ लावत होत्या. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या युनिटचं, म्हणजे फ्लॅटचं, स्वयंपाकघर एवढंसं होतं की, फ्रिज उघडला की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हावं लागे. जावई विक्रांत बंदरावरच्या एका कंत्राटदाराकडे कामाला होता आणि रात्रपाळी करून नुकताच झोपला होता, म्हणून बोलणं कुजबुजत चाललं होतं. मुलगी कौमुदी हॉस्पिटलात नर्स होती. तिची आज दुपारची शिफ्ट होती.

"स्पृहा, तुझी स्वेटरं घडी करून ठेवू का गं?" असं विचारत पद्माबाई नातीच्या खोलीत शिरल्या.

"आजी, कॅन यू नॉक प्लीज?"

दहा वर्षांच्या पोरीनं ते अगदी गोड आवाजात म्हटलं होतं, शाळेत शिकवतात तसं. पद्माबाईंना राग आला नाही. त्यांचा पलंगही त्याच खोलीत होता. आपण झोपतो त्या खोलीच्या दारावर आपणच टकटक करायची, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्या परत तव्यापाशी आल्या.

त्यांच्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती. अंबरनाथचा फ्लॅट विकून, व्हिसाचं सगळं दिव्य पार पाडून त्या लेकीकडे कायमच्या आल्या होत्या. फ्लॅटचे पैसे बँकेत पडून होते. लेक चांगली होती, जावई शांत होता, तक्रारीला जागा नव्हती. पण ज्या बाईनं छत्तीस वर्षं स्वतःचा संसार केला, तिला आतून कडी लावता येईल असं एक दार हवंसं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? पद्माबाईंना दुसरं काही नको होतं. त्या दारासाठी काय मोजावं लागलं, त्याची ही गोष्ट.

अकराच्या सुमारास दत्तप्रसाद आला. इथल्या मंडळाचा तो अध्यक्ष, गणपतीत आरतीला त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर. माणूस कामाला उभा राहणारा होता, हे खोटं नाही. कौमुदीच्या बाळंतपणात हॉस्पिटलात डबे त्यानं पोचवले. नव्यानं आलेल्या कित्येकांना विमानतळावरून त्यानं आणलं, पहिल्या गाद्या त्यानं दिल्या. त्यामुळे त्याच्या गावात, म्हणजे आपल्या लोकांच्या ह्या गावात, त्याला उलट प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. ज्याच्या गादीवर आपण पहिले आठ दिवस झोपलो, त्याला "ह्यात तुझा किती वाटा?" असं कोण विचारणार?

"मावशी, तुमच्यासाठी घर बघितलंय," तो चपला काढता काढताच म्हणाला. "लेकच्या जवळ, पन्नाशीच्या पुढच्यांसाठीची वसाहत, व्हिलेज म्हणतात इथे. नाव 'पेलिकन शोअर्स'. क्लबहाउस, गरम पाण्याचा स्विमिंग पूल, पुढे छोटं अंगण. आपली चार घरं झाली ऑलरेडी. तुम्ही पाचव्या."

लेक म्हणजे तळं, हे पद्माबाईंना आता कळू लागलं होतं. त्यांनी फोनवरचे फोटो पाहिले. घर सुरेख होतं. कारखान्यातच भिंती, छप्पर, खिडक्यांसकट बांधायचं, दोन तुकड्यांत ट्रकवर घालून आणायचं आणि खांबांवर ठेवून जोडायचं. जोडलेली रेघ कुठे दिसतही नव्हती. किंमत बाहेरच्या घराच्या जवळजवळ निम्मी.

"आणि जमीन कुणाची?" पद्माबाईंनी विचारलं.

अंबरनाथला सोसायटीच्या मीटिंगांमध्ये आयुष्य घालवलेल्या कुठल्याही बाईनं हेच विचारलं असतं. बिल्डिंग उभी असते, लोक राहत असतात आणि खालची जमीन वर्षानुवर्षं बिल्डरच्याच नावावर असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

दत्तप्रसाद मोठ्यांदा हसला. "मावशी, इथे सातबारा नसतो हो! जमीन व्हिलेजची, आपण फक्त भाडं द्यायचं, अगदी नॉमिनल. जमीन काय डोक्यावर घेऊन जायचीय?"

कौमुदी हसली. हसण्यानं जागा होऊन विक्रांत बाहेर आला, त्याला विनोद सांगण्यात आला, तोही हसला. मग, आपण अडाणी दिसू नये म्हणून, पद्माबाईही हसल्या.

तो दिवस इथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या रविवारी सगळे घर बघायला गेले. तिथे झोपायच्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. पद्माबाईंनी ती एकदा लावून पाहिली, एकदा उघडून पाहिली, आणि तिथेच त्यांचं मन ठरलं.

फ्लॅटच्या पैशात घर पुरतं बसत नव्हतं. विक्रांत आपल्या बँकेत गेला. बँकेतली मुलगी गोड बोलली आणि नाही म्हणाली. जमीन तुमची नाही, उद्या हप्ते थकले तर आम्ही जप्त काय करायचं, खांबांवरची भिंत? तेव्हा खरं म्हणजे घंटा वाजायला हवी होती. ज्या घरावर जगातली सगळ्यात सावध संस्था पैसे लावत नाही, त्या घरात आपण आईंची सगळी पुंजी का लावतोय, हा प्रश्न विक्रांतनं स्वतःला विचारायला हवा होता. त्यानं तो दत्तप्रसादला विचारला.

"अरे मेट, नो वरीज," दत्तप्रसाद म्हणाला. "बँका जुन्या विचारांच्या. माझ्या ओळखीची फायनान्स कंपनी आहे, ती ह्या घरांनाच देते."

कंपनीनं दिलं. मोटार घ्यायला देतात तसलं कर्ज होतं ते, व्याजही तसलंच. वीस वर्षं टिकायच्या घराला मोटारीच्या हिशेबानं मोजलं होतं. जामीन म्हणून विक्रांत आणि कौमुदीनं सह्या केल्या. पद्माबाईंनीही जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. "वाचून बघू का?" असं त्या एकदा पुटपुटल्या. पण दत्तप्रसाद समोर बसला होता, चहा पीत होता, आणि त्याच्यासमोर कागद वाचायला घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. आपल्यात हे चालत नाही. परक्याशी व्यवहार करताना आपण चष्मा पुसून वाचतो आणि आपल्या माणसाशी करताना चष्मा खिशात ठेवतो. ह्याला आपण संस्कार म्हणतो. माझ्या मते ही एक वाईट चाल आहे, हुंड्याइतकीच वाईट, आणि तिनंही घरं बुडतात.

कौमुदीला मात्र कुठेतरी खटकत होतं. हॉस्पिटलातल्या एका सहकारिणीकडून तिनं लिझा नावाच्या वकीलबाईंचा नंबर मिळवला. त्यांची वेळ मिळाली ती पुढच्या आठवड्याच्या शेवटची.

"दाखव ना, जरूर दाखव," दत्तप्रसाद म्हणाला. "सही केल्यावर दोन आठवडे मन बदलायची मुभा असते इथे. कायदाच आहे. वकील नाही म्हणाली तर कॅन्सल. पण तोवर अक्षय तृतीया कशाला चुकवायची? माझ्या शब्दावर मॅनेजमेंट चावी आधी देईल. मुहूर्तावर दूध उतू घालवा, घर पवित्र करा. मावशींना बरं वाटेल."

मावशींना खरंच बरं वाटलं. इतकं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्षय तृतीयेला तळ्यावरून गार वारा येत होता. आपल्याकडे तो उन्हाळा, इथे पानगळ. सिडनीहून ट्रेननं गुरुजी आले. मंडळातली चाळीसएक माणसं आली, बायका नऊवारीवर जॅकेटं घालून. घर पद्माबाईंच्या पैशाचं होतं. पण पूजेला जोडपं बसावं लागतं, म्हणून कौमुदी आणि विक्रांत बसले. दूध उतू घालवायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "सवाष्णीनं घालवावं." पद्माबाई आपसूक दोन पावलं मागे सरकल्या. कुणी त्यांना सरका म्हटलं नव्हतं, म्हणावं लागलंच नाही. नवऱ्यामागे आयुष्य काढून, त्याच्यामागे उरलेलं सगळं विकून उभ्या केलेल्या घरात ती बाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बाकीच्यांच्या खांद्यांवरून आपलं दूध उतू जाताना बघत राहिली. इंडक्शनच्या काचेवर दूध पसरलं, शेगडी पी पी करू लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात दारात एक बाई आली. सत्तरीची, कापलेले पांढरे केस, गळ्यात बारीक क्रूस, हातात फुग्यांनी भरलेला डबा. फुगे म्हणजे वसईकडे लग्नाकार्यात करतात ते गोल, तळलेले पाव.

"मी ब्रिजेट. समोरच्या घरात राहते," ती म्हणाली. "मराठी कानावर आलं, म्हटलं आपलं कुणी आलंय. वसईची मी. व्हॅलेंटाइन, माझा नवरा, तोही इथेच होता, मागच्या साली गेला."

पद्माबाईंनी डबा घेतला. कुणीतरी तिला खुर्ची दिली. प्रसादाचा शिरा तिनं आवडीनं खाल्ला. मग दिव्यात तेल घालणाऱ्या कौमुदीला गुरुजींनी सांगितलेलं तिच्या कानावर पडलं: वास्तूनंतर पहिली रात्र घर रिकामं ठेवायचं नाही, दिवा लावून कुणीतरी इथे झोपायचंच.

ब्रिजेटनं बशी खाली ठेवली.

"बाय, कागद वकिलाला दाखवले तुम्ही?"

"पुढच्या आठवड्यात दाखवणार आहोत," कौमुदी म्हणाली.

"मग आज इथे झोपू नका. माझं ऐका. चावी परत करा आणि आपल्या घरी जा. राहायला आलात ना, की ती दोन आठवड्यांची मुभा तिथल्या तिथे संपते. करारात तसं आहे. आमचं असंच झालं. व्हॅलेंटाइननं हौसेनं पहिल्याच दिवशी पलंग आणून टाकला."

विक्रांतनं दत्तप्रसादकडे बघितलं. दत्तप्रसाद हसत होता, पण फक्त ओठांनी.

"आंटी, आज शुभकार्य आहे आमचं," तो म्हणाला. "आमच्यात अशा दिवशी असं बोलत नाहीत. तुम्हाला ठाऊक नसेल."

"मला मराठी येतं ना, दादा. खरं बोलायला वेगळी भाषा लागते काय?"

"ब्रिजेट आंटी इथल्या रहिवाशांच्या कमिटीत असतात," दत्तप्रसाद सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "मॅनेजमेंटशी रोजची भांडणं. त्यांना सगळं वाईटच दिसतं."

मग मागून कुणा बाईचा आवाज आला, हलका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "आपल्यातल्या नाहीत त्या."

बस. एवढ्यानं काम झालं. जिच्या आजा-पणज्यानं हीच भाषा बोलत भात लावला, मासे वाळवले, ती आपल्यातली नाही. आणि जो आपल्याला खड्ड्यात घेऊन चालला होता, तो आपला. पद्माबाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं नवऱ्याकडे, आणि विक्रांतनं जमलेल्या चाळीस तोंडांकडे. घरात दिवा लावून, सगळ्यांना जेवायला घालून, दाराला कुलूप लावून परत जायचं? लोक काय म्हणतील? आणि दत्तप्रसादला काय वाटेल?

"आई, तुम्ही राहा आज," तो म्हणाला. "दिवा विझायला नको."

पद्माबाई राहिल्या. त्यांनी कडी लावली आणि शांत झोपल्या. ब्रिजेटचा डबा ओट्यावर तसाच होता, कुणी त्यातला फुगा तोडला नव्हता.

वकीलबाई लिझा कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी करार वाचला आणि चष्मा काढून सांगायला सुरुवात केली. जमिनीचं भाडं दरवर्षी वाढणार, किती ते व्हिलेजची कंपनी ठरवणार. घर विकायचं झालं तर विक्रीच्या रकमेतला मोठा हिस्सा कंपनीचा. घर 'हलवता येतं' असं म्हणतात, पण हलवायचा खर्च घराइतकाच, आणि न्यायचं कुठे? घेणाऱ्यालाही बँक कर्ज देणार नाही, म्हणजे रोख पैसेवालाच गिऱ्हाईक म्हणून हवा.

"बट इट्स ओके," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही अजून मुदतीत आहात. एक पत्र लिहून रद्द करू. राहायला नाही ना गेलात?"

कौमुदीनं मान खाली घातली. विक्रांत खिडकीबाहेर बघू लागला. पद्माबाईंना इंग्रजी पुरतं कळत नव्हतं, पण गप्प बसणं सगळ्या भाषांत सारखंच असतं.

"एक रात्र," कौमुदी म्हणाली. "पूजा होती. रिकामं ठेवायचं नसतं."

लिझाबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना बहुधा ते समजलं नाही. समजावं अशी अपेक्षाही नव्हती. समजत होतं ते दत्तप्रसादला, म्हणून तर त्यानं मुहूर्त काढून दिला होता. आता माघार घ्यायची तर अनामत बुडणार, वर भरपाईचा दावा. विक्रांत बाहेर आल्यावर म्हणाला, "जाऊ दे. घर तर चांगलं आहे ना?" आपला माणूस बुडताना असंच काहीतरी म्हणतो.

एक सांगायला हवं. पहिलं वर्ष पद्माबाई सुखात होत्या. अंगणात कढीपत्ता लागला. स्पृहा शुक्रवारी राहायला यायची आणि दारावर टकटक करून आत यायची, तेव्हा पद्माबाई आतून मुद्दाम म्हणायच्या, "हू इज इट?" दोघी खिदळायच्या. संध्याकाळी ब्रिजेट चहाला यायची. तिनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. पद्माबाईंनीच एकदा काढला, तर म्हणाली, "सोडा बाय, आमच्या फादरनंसुद्धा आमचं घर ब्लेस केलेलं. देवाचा काही दोष नाही त्यात."

मग जमिनीचं भाडं वाढलं. पुन्हा वाढलं. क्लबहाउस रंगवलं म्हणून वाढलं, पूल बंद पडला तरी वाढलं. ब्रिजेटच्या कमिटीनं ट्रिब्युनलमध्ये अर्ज केला. तो चालू राहिला. त्याच सुमारास बंदरावरचं कंत्राट संपलं आणि विक्रांत घरी बसला. कौमुदी डबल शिफ्ट करू लागली. हप्ता भरावा तर भाडं राही, भाडं भरावं तर हप्ता. फायनान्स कंपनीचे फोन हॉस्पिटलात येऊ लागले. वॉर्डात पेशंटच्या हातात सुई घालताना तिच्या खिशात फोन थरथरायचा.

घर विकायला काढलं. माणसं यायची, कढीपत्त्याचं कौतुक करायची, आपल्या बँकेला विचारायची आणि परत यायची नाहीत. शेवटी व्हिलेजच्या कंपनीनंच पडेल भावात घेतो म्हणून कळवलं. त्यात फायनान्सवाल्यांचं फिटत होतं, कंपनीचा हिस्सा कापला जात होता, आणि पद्माबाईंच्या हाती जे उरत होतं त्यात एखाद्या वर्षाचं खोलीभाडं निघालं असतं. अंबरनाथचा फ्लॅट, छत्तीस वर्षांचा संसार, यजमानांची फंडाची रक्कम, सगळं त्या जोडलेल्या भिंतींत मुरलं.

दत्तप्रसाद फोन उचलत नव्हता. म्हणजे विक्रांतचा उचलत नव्हता. बाकी तो खुशाल होता.

पद्माबाई सामान बांधू लागल्या. स्पृहाची खोली आता तेरा वर्षांच्या मुलीची खोली होती. दारावर 'कीप आउट'ची पाटी आली होती. तिनं आजीसाठी ती काढून टाकली, आणि पाटी काढलेल्या जागचा चिकटपणा बघून पद्माबाईंना जितकं रडू आलं तितकं घर जाणार हे कळलं तेव्हाही आलं नव्हतं.

अशात पुन्हा अक्षय तृतीया आली. व्हिलेजमध्ये तीन घरं पलीकडे आणखी एक मराठी कुटुंब घर घेत होतं. माधवराव खाडिलकर, पुण्याच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची पत्नी आणि मुलगी मेधा. मेधा इथल्याच युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकून नोकरीला लागलेली. मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण आलं. "सगळ्यांनी यावं," असं दत्तप्रसादनं लिहिलं होतं.

"तू कशाला जातेस, आई?" कौमुदी म्हणाली. "मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही."

"मला बघायचंय," पद्माबाई म्हणाल्या. त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली आणि समोर जाऊन ब्रिजेटच्या दारावर थाप मारली. "चला."

"मला कुणी बोलवलंय?"

"मी बोलवतेय."

घर तसंच होतं. तीच खोली, तोच ओटा, काचेची शेगडी. तेच गुरुजी, त्याच बायका. जॅकेटं तेवढी नवी. दत्तप्रसाद माधवरावांच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. पद्माबाईंना बघून त्याचा हात खाली आला, पण लगेच सावरून त्यानं "या, या, मावशी" म्हटलं. माधवरावांची पत्नी पातेल्यात दूध ओतत होती. पद्माबाई नेहमीसारख्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

शेगडी लागली. बायका भोवती जमल्या, मोबाइल वर झाले. दूध कडेनं थरथरू लागलं, मधे साय फुगली.

पद्माबाई भिंतीपासून निघाल्या. वाटेत उभ्या असलेल्या बायका काही न समजून बाजूला झाल्या. त्यांनी पदराचं टोक हातात गुंडाळलं, पातेलं उचललं आणि बाजूला ओट्यावर ठेवलं. मग शेगडीचं बटण बंद केलं.

दूध खाली बसलं.

"अहो!" माधवरावांची पत्नी किंचाळली. "अहो, हे काय केलंत? भरल्या घरात!"

"घर भरलं नाहीये अजून," पद्माबाई म्हणाल्या. "म्हणून तर. वकिलाला कागद दाखवलेत का?"

"दाखवणार आहोत की. मुभा आहे दोन आठवडे."

"इथे रात्री झोपलात तर नाही. झोपलात की संपली. मी झोपले होते. दिवा लावून."

एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "स्वतःचं गेलं म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही." दत्तप्रसाद पुढे आला. "मावशी, तुम्हाला त्रास झालाय, मी समजू शकतो. पण एका चांगल्या दिवशी, आणि तुमच्यासारखीनं चुलीवरचं दूध उतरवायचं..."

"माझ्यासारखीनं म्हणजे?"

तो गुरुजींकडे बघू लागला.

"विधवेनं, असंच ना? माझ्या घरात मी मागे सरले होते, दत्तप्रसाद. माझ्याच घरात. तेव्हा पुढे आले असते तर मी तेही उतरवलं असतं. तू एवढंच सांग. आमच्या घरावर तुला कंपनीकडून काय मिळालं? आणि फायनान्सवाल्यांकडून वेगळं काय?"

सगळ्यांना वाटलं तो चिडेल, नाकारेल. तो खांदे उडवून म्हणाला, "रेफरल फी असते. सगळेच घेतात. मग काय मी फुकट धावपळ करू?"

आणि ह्यात त्याला काही लपवण्यासारखं वाटलं नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. तो खोटं बोलत नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्या घरी जेवलेली, त्याच्या गाडीत बसलेली चाळीस माणसं तिथे उभी होती. त्यांतल्या चौघांची घरं ह्याच कुंपणात होती. कुणी घड्याळ बघितलं, कुणी प्रसादाच्या बशा लावायला लागलं.

मेधा आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि वडिलांपुढे हात धरला.

"बाबा, चावी."

"मेधा, लोक आलेत."

"लोक जातील जेवून. चावी द्या."

"दूध ठेवा परत," माधवराव बायकोला म्हणाले. शाळेत आवाज चढवायची सवय होती त्यांना, तसाच चढला. पण बायकोनं पातेल्याला हात लावला नाही. ती पद्माबाईंच्या पदराकडे बघत होती. तो दुधाच्या वाफेनं ओला झाला होता, आणि बोटं भाजून लाल झाली होती.

"ह्यांना आधी पाणी द्या हो कुणीतरी," ती म्हणाली, आणि स्वतःच नळ सोडला.

चावी दत्तप्रसादच्या हातात पडायला आणखी थोडा वेळ गेला. थोडं रडणं झालं, थोडं ओरडणं. गुरुजी परतीची ट्रेन चुकेल म्हणून उठले. माणसं पांगली, आणि पद्माबाईंच्या बाजूनं जाताना अंग चोरून गेली. पद्माबाईंचं घर पुढच्या महिन्यात जाणार होतं, ते काही ह्यामुळे वाचलं नाही.

पातेलंभर दूध उरलं. ते ब्रिजेटनं आपल्या घरी नेलं आणि चहा टाकला, भरपूर आलं घालून. चाळीस माणसांतली खाडिलकरांच्या घरची तिघंच तेवढी तिच्याकडे चहाला आली. चहा गार होत आला तेव्हा माधवरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"पद्माताई," ते म्हणाले, "एक विचारू? घर आपलं, पण मग खालची जमीन कुणाची हो? हे आम्ही विचारलंच नाही."

"मी विचारलं होतं," पद्माबाई म्हणाल्या. "सगळे हसले."

त्यांनी भाजलेली बोटं गार कपाला लावली.

"मीही हसले."